तिरकी बसवलेली दुर्बीण

हे प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि गंमत म्हणजे ते पोलीस खात्यातलं नाहीच. खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ शस्त्रागारात. निवृत्तीनंतर दुबईला, अल मनखूलला मुलीकडे राहायला आलो. घरात बसून नातवाच्या इंग्रजीला मान डोलवण्यापेक्षा बरं म्हणून शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात सुरक्षा अधिकारी झालो. खुर्ची बदलली तरी सवयी तशाच राहिल्या. स्टेशन डायरीसारखी वही ठेवली, शस्त्रांची ने-आण स्वतः तपासू लागलो.

क्लबच्या वर्कशॉपमध्ये राजापूरकडचा एक फिटर होता. आधी बांधकामावर गवंडी होता. शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण बसवावी तर त्यानेच. रायफल शिकंज्यात धरून तो पाणसळीने सपाट करायचा आणि समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडायचा. मग दुर्बिणीतून बघत आतली उभी रेघ त्या दोरीला समांतर होईपर्यंत दुर्बीण रिंगांमध्ये हळूहळू फिरवायची. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, कारण एकच जोरात आवळला की बसवलेली दुर्बीण पुन्हा फिरते. शेवटी प्रत्येक स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. त्याचं काम बघत मी चहा गार करायचो.

एके सकाळी तक्रार आली. तिथलाच एक तरुण अरब सभासद वडिलांची रायफल घेऊन आला होता. टेकूवर सरळ ठेवून त्याने ती चालवली होती. शंभर मीटरवर गोळी बरोबर लागत होती, पण चारशेसाठी दुर्बिणीचा नेम वर घेतला की चार बोटं उजवीकडे जात होती. कारण उघड होतं. दुर्बीण तिरकी होती. आठवड्याने बापलेक शिकारीसाठी परदेशी निघायचे होते. "समबडी हॅज टॅम्पर्ड," तो म्हणाला. शस्त्राशी छेडछाड हा इथे थट्टेचा विषय नाही. मॅनेजरने मला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही तर पोलीस तक्रार, आणि फिटरचा व्हिसा रद्द.

खबर मिळायला वेळ लागला नाही. काउंटरवर वसईच्या एक बाई असत. दार लोटून त्या हळूच म्हणाल्या, "सर, मला कोणाला ट्रबलमध्ये टाकायचं नाही हां. पण मंडेला लंच टायमाला आपल्या फिटरने ती रायफल परत काढली होती. जॉब कार्डवर एंट्रीच नाही."

मी फिटरला बोलावलं, बसवलं, चहा दिला. आरडाओरडा करून जबाब मिळतो, खरं मिळत नाही.

"दुर्बीण तू फिरवलीस?"

"हो, साहेब."

"का?"

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"कुणी सांगितलं?"

"माझीच चूक धरा, साहेब."

"नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

खोटं बोलणाऱ्याकडे कारणांचा ढीग असतो. याच्याकडे एकही नव्हतं, त्यामुळे मी बुचकळ्यात पडलो.

मग मी रायफलच समोर घेतली. शिकंज्यात धरून पाहिलं, तर उभी रेघ ओळंब्यापासून स्पष्ट कललेली. पण स्क्रू सगळे सारखे आवळलेले, प्रत्येकावर ताजा ठिपका. बिघडवणारा माणूस इतकी निगा राखत नाही. म्हणजे ही दुर्बीण कुणासाठी तरी मुद्दाम अशी बसवली होती. रायफल खांद्याला लावून रेघ उभी दिसेपर्यंत मी तिरकी केली, तेव्हा माझं डोकंही डावीकडे कललं. असं डोकं मी दर शुक्रवारी पाहत होतो. त्या तरुणाचे वडील क्लबच्या बैठकीच्या खोलीत कहवा घेत बसायचे, आणि हाक मारली की मान न वळवता सगळं अंगच वळवायचे. पाहुण्यांची वही काढली. सोमवारी दुपारी त्यांचीच सही होती.

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सगळ्यांना रेंजवर बोलावलं: मॅनेजर, फिटर, बाप आणि लेक. फिटर मला सारखा डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मी रायफल त्या वडिलांच्या हाती दिली. "सर, एक बार चलाके देखिए."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रायफल खांद्याला लावली. ती तिरकी झाली, आतली रेघ ताठ उभी राहिली असणार. चारशेवर तीन गोळ्या, तिन्ही मधोमध.

"इसको मैंने बोला था," ते जुन्या आखाती हिंदीत म्हणाले. "मेरा गर्दन अभी नहीं घूमता. मैंने बोला, किसी को मत बताना. इसने वादा किया."

मुलाने विचारलं, कधीपासून. ते रायफल रिकामी करू लागले. मग मुलाने अगदी हळुवारपणे रायफल त्यांच्या हातातून काढून घेतली. "खलास, बाबा. धिस इयर यू रेस्ट." आणि फिटरकडे देत म्हणाला, "मेक इट स्ट्रेट."

फिटरची नोकरी वाचली. मॅनेजरने माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेलो, तर फिटर मान खाली घालून काम करत होता. वर न बघताच म्हणाला, "नोकरी मला दुसरी मिळाली असती, साहेब."

ते वडील पुन्हा क्लबात आले नाहीत.

माणसाला बोलतं कसं करायचं हे खात्याने मला शिकवलं होतं. कुणाची गोष्ट कुणासमोर उघडायची, हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि उशिरा कळलं. सगळं जुळलं तेव्हा ते वडील बैठकीच्या खोलीत एकटेच बसलेले होते. माझ्या टेबलापासून वीस पावलं. जाऊन शेजारी बसलो असतो, तर त्यांनीच आपल्या मुलाला आपल्या शब्दांत सांगितलं असतं. मला मात्र पंचनाम्याचे पंच हवे होते.