‘जाते’ म्हणायचे नसते

मंगळवार, १० डिसेंबर २०२४. धुके उशिरापर्यंत अंगणात रेंगाळले. दूध पातळ होते. सकाळी सविता दारात उभी राहून ‘जाते’ म्हणाली, तेव्हा बयाबाईंनी दोन्ही कान घट्ट झाकून घेतले होते.

बयाबाई माझ्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहतात. मूळच्या पवनानगरकडच्या. मुलगा सोपान ट्रकवर, सून सविता नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात, आणि सहा वर्षांची नात राजेश्वरी दिवसभर आजीजवळ. राजी बोलत नाही. तिला ऑटिझम आहे. पितळी झाकण फरशीवर गरगर फिरवून ती त्याच्याकडे अशी पाहत बसते, की मलाही वाटू लागते, त्या फिरत्या उजेडात लांब कुठेतरी गाव आहे आणि तिथे दिवे लागत आहेत. बयाबाई शेजारी लसूण सोलत असतात. कुणी ‘पोर येडी हाय का?’ विचारले तर म्हणतात, ‘व्हय, माझ्यावर गेलीया.’

दिवाळीनंतर मात्र रोज सकाळी एकच. कंपनीची बस यायची वेळ झाली की सविता म्हणायची, ‘राजी, येते हं.’ राजी हात पसरून धावायची. सविता पाठ फिरवायची. मग राजी उंबऱ्यावर कपाळ आपटायची, रक्त येईपर्यंत. या महिन्यात हे थांबले नाही तर नोकरी सोडायची, असे सविताने ठरवले होते.

तळेगावहून अनघा येते, अशा मुलांची बिहेवियर थेरपी करणारी. तिने एक सकाळ कोपऱ्यात बसून नुसते पाहिले. म्हणाली, ‘डोकं आपटणं हे तिचं बोलणंच आहे. त्याच्या लगेच आधी काय घडतं, ते बघायचं.’ मग तिने कपाळावर हात मारला.

‘मावशी, दिवाळीत आपण हिला पहिला शब्द कोणता शिकवला?’

‘ये. ये म्हनलं की येती, मग झाकण द्यायचं.’

‘आणि सविताताई निघताना काय म्हणतात?’

बयाबाईंच्या बोटांत लसणाची पाकळी तशीच राहिली. ‘येते’ म्हणून निघून जायचे असते, हे आपण कधी शिकलो कोण जाणे. राजी ते शिकलेली नव्हती. आई येते म्हणाली, आणि आली नाही.

‘उद्यापासून ‘जाते’ म्हणायचं,’ अनघा म्हणाली, ‘आणि हातात बसचं चित्र द्यायचं. ती शांत राहिली की लगेच शाबासकी.’

बयाबाई उठल्याच. ‘जाते म्हनायचं नस्तं, ताई. जाते म्हनतात ती मसनात! माझं पोरगं रस्त्यावर गाडी हाकतंय, आन् ही उंबऱ्यात जाते म्हननार?’

‘आत्या, मग मी नोकरी सोडते,’ सविता म्हणाली.

‘सोड की! मी न्हाई म्हनू दिनार.’

रविवारी बयाबाई माझ्या पायरीवर उन्हाला येऊन बसल्या. खाली दरीत धुके होते, आणि त्यात झाडांचे शेंडे पोहत असल्यासारखे दिसत होते. त्यांनी विचारले, ‘बाई, तुमचं मालक दवाखान्यात निगताना काय म्हनलं व्हतं?’

‘येतो म्हणाले,’ मी सांगितले.

त्यांनी वळून आतल्या, हार घातलेल्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाल्या, ‘म्हंजी शबुदावर काय न्हाई तर.’

आज सकाळी मी मागच्या दारातून पाहत होते. सविता म्हणाली, ‘राजी, आई जाते.’ तिने चित्र दिले. राजी धावली नाही. चित्र गालाला लावून ती मागेपुढे डुलत राहिली, थोडी कण्हली, आणि सविता फाटकाबाहेर गेली. बयाबाईंनी कानांवरचे हात काढले, झाकण पुढे केले. ‘शाब्बास गं माझी वाघीन.’ झाकण फिरू लागले. बस वळणाआड गेल्यावर बयाबाई अंगणात आल्या आणि राजीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, धुक्याकडे पाहून म्हणाल्या, ‘ये.’

अनघा फोनवर म्हणाली, उद्या पुन्हा आपटेल कदाचित, तरी बदलू नका. सविताने नोकरी सोडायचे तूर्त लांबणीवर टाकले आहे.

संध्याकाळी बयाबाईंकडून दोन गरम भाकऱ्या आल्या. मग मी भात लावला नाही.