टांगल्यांची झेलिंडा

आमच्या गावाची स्मरणशक्ती जबरदस्त आहे. काल शेजाऱ्याकडून आणलेली छत्री परत करायची आठवण कुणाला राहत नाही, पण सहाशे वर्षांपूर्वी शत्रूला वेशीची किल्ली कुणी विकली, हे शेंबड्या पोरालाही पाठ. पिस्तोनी घराण्यानं विकली.

पुरावा? तो नगरसभेच्या मोठ्या दालनात, भिंतीवर. त्या काळी गावाशी बेइमानी करून कुणी पळाला आणि सापडला नाही, की भिंतीवर त्याचं चित्र काढून त्याला उलटं टांगायचे. शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं. पुढे त्या इमारतीतून सभा गेली, न्यायाधीश गेले, पोपचे कारकून आले, तुरुंग आला, शाळा आली, जन्म-मृत्यूच्या नोंदींची कचेरी आली. प्रत्येकानं आल्या आल्या एकच काम इमानेइतबारे केलं, भिंतींना चुना फासला. चुनेवाल्यांचा हात पोचला नाही म्हणून छताजवळ टांगलेल्याचे दोन पाय तेवढे उरले. पाय चांगलेच मोठे. पिस्तोनींच्या घरातही सगळ्यांचे पाय मोठे. झालं, खटला निकाली.

झेलिंडा ही जोडे शिवणाऱ्या नाझ्झारेनो पिस्तोनीची मुलगी. ग्रामसंताच्या उत्सवात वेशीची जुनी किल्ली लाल मखमली उशीवर ठेवून मिरवतात, आणि तो मान दरवर्षी वेगळ्या घराला मिळतो. न्हाव्याला मिळाला, पाववाल्याला मिळाला, एकदा तर आम्ही परगावच्या डुकरांच्या व्यापाऱ्यालाही दिला. पिस्तोनींना कधीच नाही. नाझ्झारेनोनं चाळीस वर्षं मागितला. "तुला किल्ली दिली तर रात्री झोपायचं कसं रे आम्ही?" असं कुणीतरी म्हणायचं आणि चौक हसायचा. तोही हसायचा. घरी जाऊन जेवायचा मात्र नाही. तो गेल्यावर झेलिंडा मागू लागली. बापाच्या नावावरचा डाग पुसायचा, एवढीच तिची इच्छा.

कचेऱ्या नव्या इमारतीत गेल्या आणि या सगळ्या जुन्या दगडी पसाऱ्याचं कलासंग्रहालय झालं. हिवाळ्यात तिथल्या गारठ्यात दिवसभर बसायला एकही अब्रूदार घराणं तयार होईना. तेव्हा गावानं उदार मनानं झेलिंडाला राखणदार नेमलं. दालनांच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि काचेच्या पेटीतली वेशीची किल्लीही तिच्याच ताब्यात. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तिचा हात विश्वासाचा, धोका फक्त उत्सवाच्या दिवशी.

मी तिथंच तिकीट-खिडकीवर. मीही कमी नव्हतो. "काय टांगल्यांच्या झेलिंडे, आज काय विकलंस?"

"तुझी अक्कल काढली होती विकायला, रेमो. गिऱ्हाईक मिळालं नाही."

मग ओर्नेल्ला नावाच्या बाई आल्या, जुनी चित्रं साफ करणाऱ्या. परांची बांधून त्या वरून खाली चुना खरवडू लागल्या. पायांखाली गुडघे निघाले, मग झगा, मग बांधलेले हात. झेलिंडा खाली खुर्ची टाकून विणत बसायची.

"बाई, नाव कुठं लिहितात हो यांचं?"

"डोक्याखाली. म्हणजे सगळ्यात शेवटी."

"असू दे. आम्हांला कुठं घाई आहे?" ती म्हणाली खरी, पण खुर्ची परांचीच्या आणखी जवळ ओढली.

सहाव्या आठवड्यात नाव निघालं. मोंतेलुपारी. शेजारी कुलचिन्हही, अगदी ठसठशीत. आमच्या नगराध्यक्षांच्या दारावर आहे तेच.

मला वाटलं, आता साहेब तोंड लपवतील. कसलं काय! त्यांनी वर्तमानपत्रवाले बोलावले, फीत कापली, अख्खं डुक्कर भाजून गावाला घातलं. "आमच्या घराण्याचं हे सर्वात जुनं चित्र!" ते गहिवरून म्हणाले. पिस्तोनींचा होता तोवर फितूर होता, मोंतेलुपारींचा झाल्याबरोबर पूर्वज झाला. आम्ही भरल्या तोंडानं टाळ्या वाजवल्या. डुक्कर फार छान झालं होतं. झेलिंडाजवळ जाऊन "चुकलं आमचं" म्हणायला कुणाला सवड झाली नाही. मलाही नाही.

तीच नगराध्यक्षांपुढे गेली. "यंदा किल्ली मी नेते. बाबांच्या नावानं."

साहेबांनी मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "झेलिंडाबाई, तुमचा आता त्या किल्लीशी संबंधच काय उरला? ती आमच्या घराण्याची. यंदा आमचा मुलगा तांक्रेदी नेईल."

उत्सवाच्या सकाळी चौकात बँड वाजत होता. तांक्रेदी मखमली टोपी घालून उशी धरून उभा. किल्ली आणायला मला वर पाठवलं. झेलिंडा काचेच्या पेटीपुढे खुर्ची लावून बसली होती, अंगावर ठेवणीतला काळा पोशाख.

"दे गं किल्ली. सगळे खोळंबलेत."

"नाही देणार."

"अगं, नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. आत्ता तरी राखणदार मीच आहे ना? मोंतेलुपारींच्या हातात या गावानं एकदा किल्ली दिली होती, रेमो. पुढं काय झालं ते भिंतीवर लिहिलंय. वाच."

मी वाचलं. बावीस वर्षं तिला चिडवत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा माझी मला लाज वाटली. खाली गेलो आणि बँड थांबवून तिचा निरोप भर चौकात, शब्दन्‌शब्द, मोठ्यानं सांगितला. कुणी हसलं नाही. नगराध्यक्षांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं बुटांकडे. शेवटी मिरवणूक निघाली ती रिकामी उशी घेऊन.