पान्याने केलेली सेवा

अख्ख्या अमिरातीत परमेश्वराची सेवा पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने करणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझा साडू होता, हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. 'होऊन गेला' म्हटलं म्हणून घाबरू नका, गडी ठणठणीत आहे. फक्त आता इथे नाही. वयाने सहा वर्षांनी मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला 'दादा' आणि 'तुम्ही' म्हणतो. पाठीमागे मात्र तो साडूच. आम्ही दोघेही वसईचे, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघेही पोटासाठी इकडे आलेले. मी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात एसीखाली बसून हिशेब करतो. तो इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत मेंटेनन्स सुपरवायझर होता आणि रोज शारजाहून ट्रॅफिक कापत यायचा. एवढं सोडलं, तर आमच्या दोघांत काहीही साम्य नाही. मला घरातला बल्ब बदलायचा तर वॉचमनला बोलवावं लागतं. साडूला बंद पडलेली वस्तू दिसली की त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या जेवणाची पहिली पंगत बसल्यासारखा आनंद दिसतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एक गोरा साहेब नोकरी सोडून मायदेशी निघाला आणि त्याने आपली जुनी कॅराव्हॅन विकायला काढली. कॅराव्हॅन म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत दोन बिछाने, बेसिन, गॅस, दिवा, सगळं होतं आणि यातलं काहीच चालत नव्हतं. कुणीही शहाणा माणूस लांबून नमस्कार करून निघाला असता. साडूने ती आतून बघितली, तासाभराने बाहेर आला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "हिच्यात सगळंच बिघडलेलं आहे रे!" हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. ती त्याच संध्याकाळी शारजात येऊन उभी राहिली. माझी मेहुणी गॅलरीतून ओरडली, "अहो, दोन बेडरूमचं घर आहे, त्यात राहायला तुम्हाला वेळ नाही, आणि आता हे तिसरं कशाला?" ते कशाला, हे पुढच्या शुक्रवारी कळलं. रास अल खैमाच्या चर्चच्या आवारात तरुणांचा कॅम्प होता आणि साडू कॅराव्हॅन जोडून, कुणीही न बोलावता तिथे जाऊन हजर झाला होता.

तेव्हापासून ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे इथे माणसाला बाहेर श्वास घेता येतो तेवढे महिने, त्याचा सुट्टीचा एकही दिवस घरी गेला नाही. फुजैरा, अल ऐन, उम्म अल क्वैन, जिथे म्हणून चर्चचा कॅम्प, तिथे साडूची कॅराव्हॅन. मल्याळ्यांचा असो, तमिळांचा असो, गोवेकरांचा असो की फिलिपिनोंचा, त्याला फरक पडत नसे. पंथाचाही नाही. 'पाणी संपलं' हे वाक्य त्याला सहा भाषांत येत होतं आणि तेवढ्यावर त्याचं सगळीकडे भागत असे. बाकी सगळे पोहोचण्याच्या आदल्या दिवशी तो जायचा. आधी सगळे नळ मोजायचा, मग संडास, मग दिव्यांचे प्लग. मी एकदा त्याला विचारलं, "दादा, एवढ्या लांब जाऊन तुम्ही कधी प्रवचन तरी ऐकता का?" तर म्हणाला, "हे बघ, कॅम्पात देव भेटतो की नाही ते फादर बघतील. संडासात पाणी आहे की नाही ते मी बघतो. पाणी नसेल तर देवाच्या बापालाही कुणी भेटायला थांबणार नाही." हे ऐकून माझ्या बायकोने कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर घाईघाईने क्रूस केला.

एकदा वाटेत पोलिसाने त्याला थांबवलं. कॅराव्हॅनचं दार उघडायला लावलं, तर आत साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, भाताची दोन मोठी पातेली, पाण्याची नळी आणि चार दोरखंड. पोलीस चक्रावला. "हॉटेल?" त्याने विचारलं. "नो हॉटेल, हबीबी. कॅम्प. चर्च, चिल्ड्रन," साडू म्हणाला आणि थर्मासमधला चहा ओतून त्याच्यापुढे केला. पोलिसाने चहा घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचं डावं चाक नरम आहे म्हणून सांगितलं. झालं! त्या चाकावरून दोघांची अशी गट्टी जमली, की पोलीस स्वतः जॅक धरून बसला. शेवटी "यल्ला, यल्ला" करत त्यानेच याला पिटाळलं, नाहीतर हा पोलिसाच्या गाडीचं बॉनेटही उघडायला निघाला होता.

पण खरा कहर झाला तो फिलिपिनोंच्या प्रार्थनेत. भजनं रंगात आलेली, माणसं हात वर करून डोळे मिटून उभी, कुणी रडतंय, कुणी आत्म्याच्या स्पर्शाने जमिनीवर पडतंय. आणि साडू नेहमीप्रमाणे मागे कॅराव्हॅनखाली शिरून एक नट पिळत होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. ते बघून पाच-सहा भाविक धावले, त्यांना वाटलं हाही पडला. त्यांनी त्याच्या पायांवर हात ठेवले आणि मोठमोठ्याने प्रार्थना सुरू केली. आतून साडू ओरडतोय, "अरे पाय सोडा! पाना द्या, पाना!" ते ऐकून त्यांना आणखी भरून आलं, कारण आत्मा उतरला की माणूस अनोळखी भाषेत बोलतो अशी त्यांची श्रद्धा. दहा मिनिटांनी साडू काळाकुट्ट होऊन बाहेर आला तेव्हा एका बाईने त्याला मिठी मारली. तो मला नंतर म्हणाला, "माणसं फार प्रेमळ रे. पण एकाने तरी पाना द्यायला हवा होता."

मी मात्र त्याच्या कॅम्पांना जाणं वर्षानुवर्षं टाळलं. वाळू, डास, प्लास्टिकच्या ताटातला भात, कोण जातंय! माझी मुलगी मात्र दर वेळी काकांबरोबर जायची आणि परत आली की मला ऐकवायची, "पप्पा, यू कान्ट फिक्स एनीथिंग." साडू तिला समजवायचा, "तसं नाही बाळा, देवाने तुझ्या पप्पाला डोकं दिलं. बोटं द्यायची राहिली."

मग गेल्या वर्षी त्याची साठी झाली आणि कंपनीने रीतसर निरोप दिला. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणूस संपला, मग तुम्ही तीस वर्षं राहिलेले असा नाहीतर तीन. जानेवारीअखेर निघायचं ठरलं. साडू डगमगला नाही. "कॅराव्हॅन जहाजातून वसईला नेऊ," म्हणाला. त्याच्या भावाने गावातली गल्ली दोरीने मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं मिळून गाडीपेक्षा वीतभर कमी. वर हिचं दार उजव्या बाजूला. इथे ते फुटपाथकडे उघडतं, आपल्याकडे थेट रहदारीत उघडलं असतं. "खलास," साडू म्हणाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हातात काही न घेता बसलेलं पाहिलं. चहा निवत होता. तो म्हणाला, "गावी नळाला प्लंबर आहे, लाइटला वायरमन आहे, गाडीला गॅरेज आहे. माझं तिथे काय काम रे?" मी काहीतरी विनोद करणार होतो, पण त्याऐवजी त्याचा चहा परत गरम करायला उचलला. शेवटी गाडी माझ्या नावावर करायची, मी ती कॅम्पांना द्यायची, असं ठरलं. मी हो म्हणालो, कारण दुसरं काय म्हणणार?

त्याचा शेवटचा कॅम्प रास अल खैमालाच होता आणि त्या वेळी मी गेलो. सगळ्या गटांनी मिळून ठरवलं होतं, की अंकलने इतकी वर्षं कष्ट केले, आता या कॅम्पात त्यांना कामाला हात लावू द्यायचा नाही. फुल आराम. पुढच्या रांगेत गादीची खुर्ची, संध्याकाळी शाल आणि सत्कार. आणि त्यांना खुर्चीवरून उठू न देण्याची जबाबदारी कुणावर, तर माझ्यावर! नळ मल्याळी पोरांनी मोजले, खुर्च्या तमिळांनी मांडल्या, भात गोवेकरांनी शिजवला. साडू उठला की चार जण धावायचे, "अंकल, सिट, रिलॅक्स." चहा हातात, नाश्ता हातात, मच्छर मारायलासुद्धा कुणीतरी शेजारी उभं. कुणाच्या मनात तसूभरही वाईट नव्हतं हो! पण मला त्याचे हात दिसत होते. गुडघ्यांवर ठेवलेले, उपरे पाहुणे बसतात तसे. प्रवचन सुरू झालं. फादर सुंदर बोलत होते आणि साडू इतकी वर्षं चुकवलेलं प्रवचन पहिल्यांदाच पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. त्याच्याइतका दुःखी माणूस त्या मंडपात दुसरा नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मागे सगळं नीट चाललंय ना?" मी म्हणालो, "एकदम नीट." तो म्हणाला, "बरं झालं," आणि परत समोर बघू लागला.

मला ते सहन होईना. बाथरूमला जातो असं सांगून मी उठलो, कॅराव्हॅनच्या मागे गेलो आणि ज्या पंपाने बेसिनांना पाणी जात होतं त्याची नळी ओढायला लागलो. बिघडवायलासुद्धा अक्कल लागते हे मला तेव्हा कळलं. दहा मिनिटं झटलो, तेव्हा कुठे क्लिप सुटली आणि सगळं पाणी माझ्या पँटवर आलं. मी जीव खाऊन ओरडलो, "पाणी गेलं!"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साडू तिथे होता. फादर मधेच थांबले, कार्यकर्ते "अंकल, अंकल" करत मागे धावले, पण तो कुणाला ऐकतोय! बाह्या वर सारून तो खाली शिरला. त्याने क्लिप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग माझ्या पँटकडे पाहिलं. मला वाटलं, आता दोन शिव्या मिळणार. तो म्हणाला, "क्लिप सैल होती. कधीतरी सुटणारच होती. पाना दे." मी पाना दिला. पाच मिनिटांचं ते काम त्याने पंचवीस मिनिटं केलं. नळी साफ केली, वायसर बदललं, मल्याळी पोरांना आळीपाळीने खाली बोलावून कुठे काय आहे ते दाखवलं. सत्काराच्या वेळी त्याच्या हातांना तेल होतं म्हणून खांद्यावरची शाल दुसऱ्यानेच सावरून धरली, आणि टाळ्या वाजत असताना तो मागे वळून पंपाचा आवाज ऐकत होता.

आता तो वसईत आहे. गाडी माझ्या नावावर आहे आणि बायकोच्या दटावण्यामुळे मी गाडीबरोबर कॅम्पांनाही जातो. त्या मल्याळी पोरांनी जुना पंप काढून नवा बसवला. त्याला ना आवाज, ना गळती. पण दर शनिवारी सकाळी फोन येतो, "काय रे, काही बिघडलं का?" पहिल्या वेळी मी खरं सांगितलं, "नाही दादा, सगळं मस्त चाललंय." "बरं, बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. मेहुणीने नंतर सांगितलं की तो त्या दिवशी न जेवताच झोपला.

पुढच्या शनिवारी मी नव्या पंपासमोर उभा राहिलो आणि बेधडक सांगितलं, "दादा, पंप परत आवाज करतोय हो!" "वाटलंच मला," तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम भरदार झाला. "आधी मेन बंद कर. केलास? आता खालचा नट डावीकडे फिरव. जोर लावू नकोस, तुझा भरवसा नाही." मी म्हणालो, "हो, फिरवतोय." असं आता दर आठवड्याला अर्धा तास चालतं. देवाच्या आवारात उभं राहून मी धडधडीत खोटं बोलतो, त्याचं काय व्हायचं ते होईल. तो सांगत राहतो, मी एका हातात फोन आणि एक हात खिशात घालून "हो दादा, हो दादा" म्हणत राहतो, आणि फोन ठेवायची घाई मी कधीच करत नाही.