चेंडूची खुंटी

सव्वा महिन्यापूर्वी एका संध्याकाळी फुटबॉल घरी आला, भाऊजी आले नाहीत. त्यांना मैदानावरून दवाखान्यात घेऊन गेलेल्या पोरांनी चेंडू माझ्या हातात दिला आणि मान खाली घालून उभी राहिली. मी काय ते समजले...

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. खामगावात कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. तिथल्या मजुरांची पोरं दिवसभर सरकी वाहायची, शाळेत कुणी जात नसे. भाऊजींनी त्यांच्यासाठी फुटबॉल आणला आणि नियम घातला. चेंडू आमच्या खुंटीला राहील. पाटीवर धडा लिहील तोच खेळेल. पाट्या तपासायच्या मी! चौथी शिकलेली, परक्यासमोर तोंड न उघडणारी. दाराआडून हात काढून मी पाटी घ्यायची आणि चूक असली तर न बोलता पुसून परत द्यायची.

सखाराम सगळ्यांत चपळ. हायस्कुलाशी सामना होता त्या दिवशी त्याला स्वतःचं नाव लिहायचं होतं. ते काही जमेना. त्याचे डोळे भरले, मला राहवलं नाही, मीच लिहून दिलं. पण घरची किराण्याची यादी मीच लिहायची. भाऊजींनी अक्षर लगेच ओळखलं.

"वहिनी, नाव तुम्ही लिहिलं न? मंग आज मैदानात तुम्हीच उतरा."

पोरं खो खो हसली. सखाराम म्हणाला, "साहेब, मी नसलो तं आपण हरून जाऊ."

"हरू न बे! आजची हार उद्या फिटते. अंगठा जन्मभर लावा लागते."

भाऊजी बाकीच्या पोरांना घेऊन मैदानावर गेले. सखाराम ओट्यावर रडत बसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा दाराबाहेर आले, त्याच्याशेजारी बसले, हात धरून गिरवून घेतलं. अर्धा सामना संपता संपता त्याने एकट्याने नाव लिहिलं आणि पाटी घेऊनच पळाला. गोल केला, तरी सामना गेलाच. भाऊजी मात्र हसत घरी आले. "वहिनी, आज तुम्ही बाहेर आल्या म्हणे!"

भाऊजी वारल्यापासून चेंडू खुंटीलाच होता. मागायला कुणी येईना, बोलवायचा मला धीर होईना. सगळं इथंच थांबतं की काय, असं वाटायचं... काल सखाराम आला. आता तो जिनिंगच्या हजेरीवर सही करतो. हातात सायकलचा पंप, मागे चार नवी पोरं.

"काकू, चेंडू द्या न."

मी चेंडू काढला. मग ओट्यावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिले पाटी."

सखारामने हसून पिशवीतून चार पाट्या काढल्या.

आता खुंटी रिकामी आहे. भाऊजी मैदानावर असले, की ती अशीच दिसायची.