गुलाबी रेघांची बास

तुम्ही कधी कुणाच्या डाव्या हाताचा मत्सर केला आहे का? पैसा, रूप, घर यांचा मत्सर सगळेच करतात. मी हाताबद्दल विचारते आहे.

मी केला आहे, अजून करते. तो हात सेलूच्या एका मुलीचा आहे. ती व्हायोलिन वाजवते. वाजवताना तिची बोटं व्हायोलिनच्या मानेवर अशी सरकतात, जशी आई झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवते. बघूच नये असं वाटतं आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

मी वाढले पत्रकांत. बाबा पूर्णेला रेल्वेत होते आणि संघटनेत होते. आमच्या घरात ज्वारीच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे, गुलाबी, पिवळे, हिरवे. अक्षरओळख त्यांच्यावरच झाली, त्यामुळे ‘कमळ’ लिहिता येण्याआधी मला ‘निषेध’ लिहिता येत होतं. सभा होऊन गेली की उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची, आणि गणितं झाली की ती पत्रकं हलगीखाली जायची. हलगीचं कातडं वाजवण्याआधी जाळावर तापवावं लागतं, नाहीतर ती बद्द बोलते. आमच्या गाण्याच्या पथकात तो जाळ कायम जुन्या पत्रकांचा.

पथकात हलगी मामांकडे. ते माझे सख्खे मामा नाहीत, सगळ्या पथकाचे आहेत. गाणारी अक्का. ती ताडकळसच्या पलीकडच्या वस्तीवरची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली, चार महिने दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी. तापलेल्या हलगीवर मामांनी थाप मारली की अक्का डोळे मिटून हुंकार देते आणि तिथूनच गाणं उचलते. पेटीची पट्टी तिनं जन्मात विचारली नाही. गाता गाता हलगी निवते, सैल पडते, तशी अक्काही तिच्यासोबत नकळत खाली येते. आमच्यात हे असंच चालतं आणि कुणाला त्यात चूक वाटत नाही.

चुकीची मीच ठरायची, कारण मी बास गिटार वाजवते. पूर्णेतला एक लग्नाचा ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा त्यांची बास माझ्याकडे आली. चार जाड तारा, लांब मान, आणि मानेवर आडव्या ठोकलेल्या पितळी-पांढऱ्या पट्ट्या. त्यांना पडदे म्हणतात. पडद्यामागं बोट दाबलं की सूर जागच्या जागी मिळतो, हलत नाही. अक्काचा सूर मात्र दोन पडद्यांच्या मधे कुठंतरी राहायचा. मी वर असायची नाहीतर खाली. चौकातल्या घोषणांच्या गाण्यांत ते खपून जायचं. मेंढवाड्याच्या गाण्यात खपेना.

मेंढवाड्याचं गाणं म्हणजे अक्काच्या आईची चाल आणि माझे शब्द. गायरानाला तारेचं कुंपण पडतं आणि मेंढरांची वाट बंद होते, असं ते गाणं. मी लिहिलेलं सगळ्यात बरं. त्याच्यावर फक्त अक्का आणि मी, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात सेलूवाली आली.

तिच्या घरी कापसाची आडत. तालमीला ती रेल्वेनं यायची, व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन, आणि आल्या आल्या सगळ्यांना पाणी विचारायची. मी मामांना म्हणाले, “आडत्याच्या पोरीला मेंढरांचं काय कळतं?” मामा म्हणाले, “तुला तरी काय कळतं? तू तर रेल्वे क्वार्टरातली.” मला तत्त्वाचा मुद्दा मांडायचा होता. मामांना तो तत्त्वाचा वाटला नाही.

पहिल्याच तालमीत अक्कानं मेंढवाडा उचलला आणि सेलूवालीनं गज टेकवला. अक्का जिथं वळली तिथं ती वळली, अक्का जिथं निथळत खाली आली तिथं तीही आली. व्हायोलिनला पडदे नसतात. अक्कानं गाता गाता डोळे उघडले आणि तिच्याकडे वळून बघितलं. माझ्याकडे तिनं इतक्या दिवसांत गाताना एकदाही बघितलं नव्हतं.

गाणं संपल्यावर अक्का मला म्हणाली, “बाई, ह्या गाण्यात तू नको वाजवूस. तुझं पायऱ्या उतरल्यावानी होतंय. माझी उतरण हाय, पायऱ्या न्हाईत.”

“शब्द माझे आहेत, अक्का.”

“शब्द तुझेच हायत की. ते कुटं कुणी न्यायलंय?”

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, त्या गाण्यात माझ्या बासला परत जागा मिळवायची. पडदे आड येत असतील तर पडदे राहणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बासच्या तारा उतरवल्या आणि मान मांडीवर घेऊन बसले. फोनवर लोक हे काम करताना बघितलं होतं. सोल्डरिंगची सळई तापवून पडद्यावर धरायची, म्हणजे खालचा गोंद सुटतो. मग पकडीनं पडदा एका कडेनं हळूहळू उचलायचा. घाई केली की लाकडाच्या ढलप्या निघतात. मी घाई केली नाही. एकेक पडदा वाकडा होऊन बाहेर आला, आणि प्रत्येक पडद्याबरोबर मला सेलूवालीचं ते पाणी विचारणं आठवत होतं. असं काम रागात बरं होतं.

पडदे निघाले तिथं बारीक खाचा उरल्या. त्या बुजवाव्या लागतात. लोक पातळ लाकडाच्या पट्ट्या बसवतात. माझ्याकडे लाकूड नव्हतं. कोठीशेजारी गुलाबी गठ्ठा होता. पाण्याच्या टंचाईच्या मोर्चाची पत्रकं, मोर्चा झाल्यावर उरलेली. मी ती घडीवर घडी घालून, सुताराच्या पांढऱ्या गोंदात भिजवून प्रत्येक खाचेत ठासून भरली. एक बसली की अजून एक. जागा उरू द्यायची नाही. सुकल्यावर वरून घासलं तेव्हा काळ्या मानेवर बारीक गुलाबी रेघा दिसू लागल्या. इतकी देखणी बास मी कुठंच बघितली नव्हती. मनात आलं, आता बघ म्हणावं.

तालमीला नेली. मामांनी मानेवरून अंगठा फिरवून बघितला. “बाई, दात काढलेस व्हय हिचे? आता चावायची कशी?”

“आता ती चावणार नाही, मामा. चाटेल.”

तार छेडली तर बास घर्रर्र करून गप्प झाली. दुसरी तार, तेच. तारा मानेवर लोळत होत्या. मी खुंट्या आवळल्या, सैल केल्या, काहीच होईना. सेलूवाली उठून आली. तिनं बास हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून असं बघितलं जसं सुतार रंधा मारलेली फळी बघतो, आणि हळू आवाजात म्हणाली, “मान मागे वाकलीये गं. खाचांत जास्त भरलंस का? गोंद पिऊन कागद फुगला असेल.”

“माझं मी बघते,” मी म्हणाले आणि बास तिच्या हातातून घेतली. जरा जोरातच.

घरी बाबांनी मान बघितली, मग गठ्ठा बघितला. “पाण्याची वापरलीस व्हय?”

“हो.”

“एका खाचेत किती?”

“मावतील तितकी.”

बाबा खूप वेळ हसले. निवृत्त झाल्यापासून इतके हसलेले मी बघितले नव्हते. “आपल्या लोकांची हीच खोड,” ते म्हणाले. “जरा फट दिसली की पत्रक कोंबायचं. अगं, एकच घडी पुरली असती.”

ओल्या फडक्यानं भिजवून आणि टोकदार सुईनं उकरून मी तो सगळा लगदा काढला. गुलाबी पाणी माझ्या नखांत राहिलं. मान सुकायला ठेवली आणि तिच्या आतली लोखंडी सळई चावीनं थोडी सैल केली, तशी ती हळूहळू सरळ झाली. मग प्रत्येक खाचेत एकच घडी, घट्ट न ठासता. वरून लाकडाच्या पॉलिशचे हात. तारा चढवल्या. या वेळी बास बोलली, आणि ती पहिल्यासारखी ठणठणीत बोलली नाही. मऊ, ओला, गळ्यातून आल्यासारखा आवाज. मी एकटीनंच दिवसभर वाजवत बसले. सेलूवालीला आधी ऐकवायचं नाही, एकदम बाजारातच, असं ठरवलं. तालमीला गेलेच नाही.

ताडकळसच्या बाजारात आमचा कार्यक्रम होता. दुपार उलटून गेली होती, भाजीवाल्या उरलेला माल झाकत होत्या. मामांनी कडेला पत्रकं पेटवली आणि हलगी जाळावर धरली. मी अक्काजवळ गेले.

“अक्का, मेंढवाड्यात वाजवू का?”

तिनं गुलाबी रेघांवरून बोट फिरवलं. “हे काय, मेंदी लावलीस का काय?” मग थांबून म्हणाली, “वाजव. ऐकते. खटकलं तर मी हात वर करीन. हात वर झाला की गप व्हायचं. मग ह्या गाण्यात परत विचारायचं न्हाई.”

“बरं.”

हलगीवर थाप पडली, अक्कानं हुंकार दिला, गाणं उचललं. सेलूवालीचा गज चालू झाला. मी पहिला सूर लावला.

तो उतरलेला लागला. दुसराही. एकटीनं वाजवताना सगळंच सारखं उतरलेलं होतं, म्हणून मला कळलंच नव्हतं. आता अक्काच्या शेजारी ते उघडं पडलं. बोट कुठं चुकतंय ते कळेना. अक्काचा उजवा हात पदरातून बाहेर आला.

सेलूवाली वाजवता वाजवता दोन पावलं माझ्याकडे सरकली. हनुवटी व्हायोलिनवर, नजर दुसरीकडे. ओठ न हलवता ती म्हणाली, “रेघेवर ठेव. मधे नको. रेघेवर.”

इतकी वर्षं मी पडद्यामागच्या जागेत बोट दाबत आले होते. पडदा स्वतः तार अडवायचा, बोट मागं असलं तरी चालायचं. आता पडदा नव्हता, आता माझं बोटच पडदा होतं. मी बोट गुलाबी रेघेवर सरकवलं.

आणि सूर वर आला. अक्काच्या सुराला जाऊन टेकला. ती खाली वळली, मी बोट हलकेच मागं घेतलं आणि तीही वाट मला सापडली. पायऱ्या नव्हत्या. अक्काचा हात अर्ध्यावर आला होता. तिथून तो डोक्याकडे गेला आणि पदर सारखा करून खाली आला.

कुंपणाच्या कडव्यापर्यंत हलगी निवली होती. अक्का उतरत होती, आम्ही दोघी तिच्यासोबत उतरत होतो, आणि एका पाटीवाल्या म्हातारीनं पाटी खाली ठेवली.

गाणं संपताना अक्कानं डोळे उघडले. सेलूवालीकडे बघितलं, नेहमीसारखं. माझ्याकडे नाही.

नंतर आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो. अक्का फडकं सोडत म्हणाली, “आज मागून कुणीतरी चालायलं होतं बग. मेंढरामागं माणूस हाय म्हणलं की पुढचा निवांत असतो.” मला वाटलं आता ती माझं नाव घेईल. तिनं पहिली भाकर काढली आणि सेलूवालीच्या हातावर ठेवली. दुसरी मला.

सेलूवालीनं तिच्या भाकरीतली अर्धी मोडून मामांना दिली. मग माझ्या नखांकडे बघून म्हणाली, “रंग गेला नाही का अजून?” मी हात मागं घेतला. “रेघेचं कुणी सांगितलं तुला?” मी विचारलं. “व्हायोलिन शिकताना आमच्या मास्तरांनी मानेवर खडूच्या रेघा मारल्या होत्या,” ती म्हणाली. “त्या पुसल्या तेव्हा मी लय रडले होते.” लय. आडत्याची पोरगी लय म्हणाली. मला तेवढंही तिला द्यायला नको वाटलं.

आता मेंढवाड्यात मी असते. अक्काचा हात परत वर आला नाही. तरी दर वेळी शेवटच्या ओळीला माझी नजर अक्काच्या मानेवर असते, ती आज कुठं वळते ते बघायला. ती व्हायोलिनकडेच वळते. जाड सूर मागून येतो, त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, हे मला कळतं. पटत मात्र नाही. समान जागेच्या गोष्टी करणाऱ्या घरात मी वाढले, आणि मला जागा समान हवी आहे, नजरेतसुद्धा.

म्हणून एक विनंती. आमचं पथक तुमच्या बाजारात आलं, तर मधे उभे राहू नका. डाव्या हाताला या, जमिनीवर ठेवलेल्या माझ्या बासच्या मोठ्या काळ्या स्पीकरजवळ, आणि मेंढवाडा चालू झाला की तळवा त्याच्यावर टेकवा. व्हायोलिन तुम्हाला कुठूनही ऐकू येईल.