मंगळावरचं दार आणि सहादूचं दार

पेठ रोडच्या कडेला लिंबाखाली अंबूबाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स खाली अंथरलेलं आणि त्यावर पाटे, वरवंटे, खलबत्ते, दोन जाती. घरोघर मिक्सर आले, तरी अंबूबाई काही उठली नाही. मिक्सर जळाला की बाया येतात, असं ती म्हणते, आणि खरंच एखादी येते. वय सत्तरीच्या पुढचं. आधार कार्डावर एकसष्ट लागलंय, पण त्या कार्डावर तिचा विश्वास नाही.

तिचा विश्वास तसा कशावरच लवकर बसत नाही. गिऱ्हाईक गोड बोललं की तिला वाटतं, हे आता घासाघीस करणार. डॉक्टर हसून बोलला की वाटतं, दुखणं मोठं आहे. दगडावर तेवढा तिचा भरवसा, तोही वाजवून पाहिल्यावर. हातोडीनं एक टिचकी मारायची. खणखणीत बोलला तर घ्यायचा, बद्द बोलला तर आत चीर असते, सोडून द्यायचा. माणसं अशी वाजवून घेता येत नाहीत, ही तिची जन्माची अडचण.

नवरा सहादू. त्याला जाऊन सात वर्षं झाली. त्याच्याबरोबर एकेचाळीस वर्षं संसार केला आणि एकेचाळीस वर्षं संशय घेतला. पाटे घडवायला म्हणून सकाळी जायचा आणि दिवे लागायच्या आत एखादाच पाटा घेऊन यायचा. अंगावर धूळ कमी आणि तोंडावर तजेला जास्त. तिनं विचारलं की म्हणायचा, आज दगड कडक लागला. रोजच्या रोज दगड कडक कसा लागतो, हे तिला कधी कळलं नाही. पण ती फार बोलायला लागली की सहादू एवढंच म्हणायचा, "दार कोरलेला माणूस हाय मी." की हिचं तोंड बंद.

ते दार असं. चांदवडच्या अलीकडे, हायवे सोडून आत, सहादूच्या गावामागं एक डोंगर आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला कड्यात एक दार आहे. वरून सपाट, दोन्ही बाजूंनी सरळ, आत दोन माणसं बसतील एवढी जागा. सहादूनं ते अठराव्या वर्षी एकट्यानं कोरलं, असं सोयरीक जमवताना त्याच्या बापानं अंबूबाईच्या बापाला सांगितलं. तिचा बापही दगडाचंच काम करणारा. ज्या पोराच्या हातात टाकीचं एवढं कसब आहे, त्याला मुलगी द्यायला त्यानं चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ घेतला नाही.

लग्नानंतर तिनं चारदा म्हटलं, मला दार दाखवा. एकदा वाटेत मोहोळ होतं. एकदा सहादूचा पाय मुरगळला. एकदा पाऊस झाला होता आणि एकदा ऊन फार होतं. मग दोघं नाशिकला आले, लेकरं झाली, राहूनच गेलं. इतकी संशयी बाई, पण तिनं आयुष्यात ही एकच गोष्ट न वाजवता घेतली. नवरा आळशी असेल, बाता मारणारा असेल, पण ते दार त्याचं होतं, आणि त्या दारामुळे तिचा संसार ताठ मानेनं झाला.

असं सगळं असताना मागच्या वर्षी मनोज आला.

तिशीचा असेल. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोठा फोन. काही विकत न घेता समोर उकिडवा बसला आणि पहिल्याच वाक्यात आजी म्हणाला. अंबूबाईनं पदराखालची पिशवी पुढं ओढून घेतली. तो म्हणाला की त्याचं चॅनेल आहे, लाखभर लोक बघतात. मग त्यानं फोनवर एक फोटो उघडून दाखवला. तांबूस डोंगराचा उतार, फुटलेल्या दगडांचे थर, आणि मधोमध एक काळोखं दार. हे मंगळावरचं आहे, म्हणाला. तिथं माणसांनी एक यंत्राची गाडी पाठवलीय, ती फिरते आणि फोटो पाठवते. आता मला सांगा आजी, डोंगरात दार कोण करतं?

फोटो सगळ्या फुटपाथवर फिरला. शेजारी रेहाना पायपुसणी विकते. तिच्या बापाची बेकरी होती, तिला ती बेकरीची भट्टी वाटली. रसवंतीवाल्याला देव्हारा दिसला. मिलिटरीतून निवृत्त झालेले एक साहेब वरवंटा बघायला आले होते, ते म्हणाले, हा बंकर आहे, आत माणूस दबा धरून बसतो. अंबूबाईनं फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. तिला कुणीतरी दगड फोडायला घेऊन अर्धवट सोडून दिल्यासारखं वाटलं. असं अर्धं काम टाकून जाणारी माणसं तिला चांगली ठाऊक होती. पण ती मनोजला काही बोलली नाही. फुकट बसणाऱ्याला फुकट काही सांगू नये.

घरी तिनं सुनेला विचारलं. सून योगिनी एका दवाखान्यात कागदपत्रं बघते, तिला फोनवर शोधता येतं. तिनं वाचून सांगितलं की शास्त्रज्ञ म्हणतात, तो दगड आपोआप फुटलाय. आणि ते दार मोठं दिसतं, पण आहे जेमतेम फूटभर. पूर्वीही तिथल्या एका टेकडीत लोकांना माणसाचं तोंड दिसलं होतं. पुढं जवळून फोटो काढला तर नुसती टेकडी.

"फूटभर दारातनं ये-जा कोण करतं मग?" अंबूबाई म्हणाली. "मांजर?"

योगिनी हसली. पण अंबूबाईचं समाधान झालं नव्हतं. मनोज खोटा असेल, पण हे शास्त्रज्ञ तरी तिथं जाऊन हात लावून आलेत का, असं तिनं विचारलं. हात कुणीच लावला नव्हता. मग तिनं दोघांनाही एकाच रांगेत बसवलं.

आठ दिवसांनी मनोज पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे दुसरा फोटो होता. काळा कडा, त्यात दार. हे बघा, म्हणाला, मंगळावर आहे तसंच आपल्या नाशिक जिल्ह्यात. त्याच कारागिरांचं काम. आकाशातून आले, इथंही करून गेले. मग त्यानं गावाचं नाव घेतलं, आणि अंबूबाईच्या हातातली टाकी हातातच राहिली.

"ते माझ्या मालकाचं हाय," ती म्हणाली.

मनोजचं तोंड आधी पडलं. मग तो सावरला. म्हणाला, आजी, मी तर पहिला भाग टाकलासुद्धा, लोकांनी उचलून धरलाय. तुम्ही असं करा, माझ्यासोबत चला, दारापाशी उभ्या राहा आणि तुमचा हात लावून काय खरं ते सांगा. तुमच्याएवढं दगडातलं कुणाला कळतं?

यात काहीतरी काळंबेरं आहे हे तिला तेव्हाच कळलं. रेहानानंही तो गेल्यावर सांगितलं, "मावशी, हा पोरगा लई मिठ्ठा बोलतो. संभालके." पण अंबूबाईला रात्रंदिवस एकच खुपत होतं. लाखभर लोक म्हणतील, आकाशातल्या कुणीतरी केलं. सहादूचं नाव कुठंच राहणार नाही. चार पाटे आणि एक दार, एवढंच तर तो मागं ठेवून गेला, आणि पाटे तर कधीच विकले गेले.

म्हणून ती गेली. योगिनीला सोबत घेतलं, पिशवीत टाकी आणि सुतकी टाकली. सुतकी म्हणजे दगड फोडायचा जड हातोडा. मनोजनं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, सवय आहे. गाडीत त्यानं पाण्याची बाटली दिली, तर तिनं आधी झाकणाचं सील बघितलं.

वडाळीभोईच्या पुढं गाडी आत वळली. दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी, मग माळ, मग पायवाट. चढ फार नव्हता. मोहोळ नव्हतं, पाय मुरगळावा असं काही नव्हतं. अंबूबाई दर वळणावर थांबून वाटेकडं बघायची आणि नाकानं हुंकार द्यायची. योगिनीला वाटलं, दम लागलाय. दम नव्हता लागला. चार वेळची चार कारणं ती एकेक करून खोडत होती.

दार समोर आलं. फोटोत होतं तसंच, कंबरेच्या वर, कड्यात. मनोज फोन काठीला लावायला लागला. अंबूबाई पुढं झाली आणि तिनं चौकटीला हात लावला.

टाकीनं कोरलेला दगड हाताला कळतो. कितीही वर्षं होऊ देत, पाऊस खाऊ दे, पण घावांच्या बारीक खळग्या राहतात, ओल्या वाळूवरून पाखरू चालून गेल्यासारख्या. तिनं डावी बाजू चाचपली, उजवी चाचपली. वरच्या सपाट कडेवरून बोटं फिरवली. कोपऱ्यात अंगठा घातला. एकही घाव नव्हता. कोपरा इतका साफ होता की तसा हातानं येतच नाही; माणसाचा हात कोपऱ्यात थोडा तरी जास्तीचा दगड राखतो. वर बघितलं तर तीच सरळ रेघ कड्यात पुढं लांबवर गेलेली. दगड आपल्या रेषेवर फुटला होता, मधला तुकडा निसटून पडला होता. खाली गवतात तो तुकडा अजून होता, चार फाकळ्या होऊन.

अंबूबाई तशीच हात लावून उभी राहिली. बापानं बघितलं नाही. मी बघितलं नाही. सासऱ्यानं फेकलं आणि आम्ही झेललं. एकेचाळीस वर्षं या माणसाच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला, आणि खोटा शब्द होता तोच सोडला.

"आजी," मनोजनं मागून आवाज दिला. फोन चालू झाला होता. "एकच सांगा. हे माणसाच्या हातचं आहे का नाही?"

आता इथं बाईची खरी पंचाईत झाली. हो म्हटलं तर सहादूचं दार सहादूचं राहत होतं, मनोजचा खेळ बंद होत होता, आणि तिला खोटं पाडणारं तिथं कुणी नव्हतं. नाही म्हटलं तर सहादू जात होता आणि मनोजला हवा तेवढाच शब्द मिळत होता. तो पुढचं मागचं कापून तेवढं 'नाही' लाखभर लोकांना दाखवणार, हे तिला त्याच्या हातातल्या काठीवरूनच दिसत होतं. योगिनी सासूकडं बघत राहिली. घरात ते दार तिनंही लग्न झाल्यापासून ऐकलेलं.

अंबूबाई गवतापाशी खाली बसली. पिशवीतून सुतकी काढली. गवतातली एक फाकळी उलटी-पालटी केली, टिचकी मारून कान लावला, पुन्हा फिरवली, आणि एका जागी मोजून तीन घाव घातले. दगड पाव कापावा तसा दुभंगला. आतली बाजू सपाट, कडा सरळ, कोपरा साफ. तो तुकडा तिनं फोनसमोर धरला आणि एका दमात, मध्ये श्वास न घेता बोलली, "हे बघ, मी कोपरा केला का, नाय, मी निस्ता फोडला आन् कोपरा त्याचा त्यानं झाला, तसंच हे दार झालं आन् तसंच तुझं मंगळावरचं झालं असंल, ना माझ्या मालकानं केलं ना आकाशातल्या कुणी केलं, आन् आता यातनं कापायचं तर कुठं कापतोस ते मला दाखव."

मनोजनं फोन खाली घेतला. पुन्हा एकदा हळू बोला, म्हणाला. ती म्हणाली, म्हातारीला पुन्हा आठवत नाही.

तो कड्याच्या कडेनं हिंडायला लागला, काहीतरी मिळेल म्हणून. आणि त्यालाच मिळालं. दाराच्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक खोबण होती, पाऊल मावेल एवढी. हे तर कुणीतरी केलंय, असं तो ओरडला आणि फोन वर केला.

अंबूबाईनं वाकून बोटं घातली. इथं मात्र घाव होते. शिकाऊ हाताचे, कुठं खोल, कुठं वरचेवर, आणि सगळे उजवीकडून डावीकडं कलते होण्याऐवजी उलटे. डावखुऱ्याचे. गावात दगडाचं काम करणारा डावखुरा एकच होता. त्याच्या डाव्या हातानं सासू शेवटपर्यंत कावली होती.

तिनं चप्पल काढली. योगिनीनं धरायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. खोबणीत पाऊल ठेवलं, ते नेमकं बसलं. एक हिसका देऊन ती वर गेली आणि दारात टेकली. आत गार होतं. पाठीला दगड असा लागत होता की टेकून झोपावं. समोर खाली जुनी खाण दिसत होती, सासरा काम करायचा ती, आणि खाणीतून वर येणारी सगळी वाट. कुणी बोलवायला निघालं तर तो डोंगर चढेपर्यंत इथला माणूस उठून, तोंड पुसून, अंगाला धूळ लावून तयार.

अंबूबाईला हसू आलं. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जन्मभराचा संशय असा हातात पुरावा देऊन खरा ठरला की बाई रागावते का, ते खाली उभ्या असलेल्या दोघांना कळेना. योगिनीनं विचारलं, "आत्याबाई, काय झालं?"

"तुझ्या सासऱ्यानं दार नाय कोरलं," ती म्हणाली. "दारात चढायची पायरी कोरली. पर जागा चांगली निवडली मेल्यानं."

मनोजनं विचारलं, हे व्हिडिओत घेऊ का? तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, घे, पण आधी नाव लिहून घे, सहादू पुंजा, आणि लिहिलेलं मला योगिनीकडून वाचून दाखव. ते झाल्यावर तिनं पाय वर घेतले, पदर तोंडावर ओढला आणि दोघांना सांगितलं की गाडीपाशी जाऊन थांबा, मला जरा वेळ लागेल.