भाऊ मला न्यायला आला

बाबा रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणी आम्ही पासवर पुष्कळ फिरलो, पण नेहमी अमरावतीपर्यंतच. तिथे आत्या होती. पुढे मी सरकारी ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढायला लागले. कुठलं पाणी कुठल्या गावाला जातं ते मला कागदावर तोंडपाठ होतं, पण मी स्वतः जवळच्या अभनपूरच्या पुढे क्वचितच गेले. लग्न केलं नाही. रायपूरला चौबे कॉलनीतल्या घरात खाली धाकटा भाऊ आणि वहिनी, वर मी.

निवृत्त झाल्यावर मी नेपाळला जायचं ठरवलं, आणि तिथून जमेल तसं पुढे. जेवताना सांगितलं.

"कोणासोबत?" भावाने विचारलं.

"कोणासोबतच नाही."

"म्हणजे ग्रुपमधून?"

"नाही."

"मग काहून जाऊन राहिली?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"ते तिथे गेल्यावर समजेल," मी म्हटलं. त्याने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने वरणाच्या भांड्याकडे. कॉलनीतल्या बायकांनी माझ्या वतीने ही तीर्थयात्रा आहे असं ठरवून टाकलं आणि मला नमस्कारही केले. मी ते नमस्कार घेतले. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

रायपूरहून नौतनव्याला थेट गाडी जाते. नौतनव्याहून सीमा जवळच आहे. एका कमानीखालून मी बॅग ओढत चालत गेले आणि पलीकडे नेपाळ सुरू झालं. मला कोणी थांबवलं नाही. मला थोडं वाईट वाटलं, कारण मी उत्तरं तयार ठेवली होती.

पोखऱ्याच्या वाटेवर डोंगरात एक जुनं गाव आहे, लोक त्याला पाल्पा म्हणतात. तिथे दोन रात्री थांबून पुढे जायचं होतं. वरच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एका बाईने घरातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायला ठेवल्या होत्या, त्यातली एक मी घेतली. बाई माझ्याहून पुष्कळ लहान, चटपटीत. नवरा आखातात नोकरीला. घरी ती आणि तिचे म्हातारे सासरे. तिने मला लगेच दिदी म्हणायला सुरुवात केली. नेपाळात सगळ्याच मोठ्या बायकांना दिदी म्हणतात. रायपूरलाही म्हणतात. त्यामुळे परदेशात आल्यासारखं फारसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगडी उताराच्या गल्लीत घसरले. समोर कोणी नव्हतं, पाऊस नव्हता, घाईही नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टरने घोट्याजवळचं हाड मोडल्याचं सांगितलं आणि प्लास्टर घातलं. घरमालकीण बरोबर आली होती. तिने मला परत आणून अंगणातल्या उन्हात बसवलं आणि पायाखाली तांदळाचं पोतं ठेवलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी हवेबद्दल सांगितलं, संत्र्यांबद्दल सांगितलं, मग म्हटलं, पायाला प्लास्टर घातलंय.

तो म्हणाला, "कोणाच्या पायाले?"

"माझ्या."

"मी येऊन राहिलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

माझा भाऊ नवा रायपूरला सरकारी नोकरीत आहे. ऑफिसच्या बसने जातो, ऑफिसच्या बसने येतो. तिथले रस्ते इतके रुंद आणि सरळ आहेत की बस वळली तर लोक खिडकीबाहेर बघतात. पाल्प्याला येणारा रस्ता तसा नाही. तो आला तेव्हा जीपच्या ड्रायव्हरने त्याला दंडाला धरून आणलं. चेहरा राखेसारखा झाला होता. डोंगर सुरू झाल्यापासून तो उलट्या करत होता.

घरमालकिणीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. "दिदी, मरीज़ कौन है?" तिने मला हिंदीत विचारलं.

त्याला माझ्या पलंगावर झोपवलं, कारण ती खोली संडासाच्या जवळ होती. मी दुसऱ्या खोलीत खाटेवर. दोन दिवस तो भाताची पेज प्यायला आणि मी त्याला औषधाच्या वेळा सांगितल्या. तिसऱ्या दिवशी उठून त्याने बॅग उघडली. वहिनीने ठेठरी आणि खुरमी दिली होती, माझी जुनी शाल दिली होती. ठेठरी म्हणजे आपली बेसनाची तिखट कडबोळीच आणि खुरमी म्हणजे गोड शंकरपाळी, दोन्ही प्रवासात टिकतात. आणि त्याने परतीची दोन तिकिटं काढली होती, एक त्याचं, एक माझं.

"प्लास्टर असताना मी कशी येणार?" मी विचारलं.

"जीपमधून," तो म्हणाला, आणि जीप आठवल्यामुळे परत आडवा झाला.

ती तारीख गेली. त्याने रजा वाढवली. मग मात्र तो चांगला रुळला. म्हातारे सासरे भारताच्या फौजेत होते आणि काही वर्षं जबलपूरला राहिले होते. माझ्या वहिनीचं माहेर जबलपूरचं. एवढं त्या दोघांना पुरलं. रोज सकाळी ते उन्हात बसायचे, खालची दरी धुक्याने दुधासारखी भरलेली असायची, आणि ते दोघं जबलपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचे. डोंगराकडे कोणी बघत नव्हतं.

एकदा दुपारी म्हातारे झोपले होते, मालकीण बाजारात गेली होती. आम्ही दोघं अंगणात संत्री खात होतो. तो म्हणाला, "कॉलनीत लोक विचारतात मले."

"काय?"

"ताईले घरातून काहून काढलं म्हणून."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "असं विचारतात?"

"सरळ नाही विचारत. दीदी कुठे गेली, म्हणतात. मी म्हणतो, फिराले. तर 'हव' म्हणतात, नुसतं हो. भाजीवालाही 'हव' म्हणते. काही लोकांचं हव ऐकून माणसाले घरातून निघू नाही वाटत."

"आणि तुले काय वाटते?"

त्याने संत्र्याच्या फोडीवरचे दोरे एकेक करून काढले. त्याला तसं खायची सवय नाही, तो अख्खी फोड तोंडात टाकतो. "मले वाटलं, आम्हीच काही बोललो असन तुले. मी आन् ही, दोघं बसून आठवून राहिलो होतो, काय बोललो ते."

"काही आठवलं?"

"हिले एक आठवलं. कुकरवरून."

मला कुकर आठवत नव्हता. "त्याचं मले काही वाटलं नव्हतं."

"मीही तेच म्हटलं तिले."

मी आणखी एक संत्रं सोलायला घेतलं. हे दोघं डायनिंग टेबलावर समोरासमोर बसून स्वतःचे गुन्हे शोधत होते, आणि मी इकडे मजेत होते. मी त्याला म्हटलं, "माझं तुमच्याशी काही भांडण नाही. मले कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी सकाळी उठून पाहाचं होतं. बस एवढंच."

त्याने विचार केला. "इथे तर सगळेच ओळखतात तुले," तो म्हणाला.

ते खरं होतं. प्लास्टर घातल्यापासून गल्लीतला प्रत्येक माणूस जाता-येता पायाची चौकशी करत होता. दोन बायकांनी तर मी एकटी का फिरते, घरचे बोलले का काही, असंही विचारलं होतं. ते मी भावाला सांगितलं. तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा झाला होता. मी काठी घेऊन गल्लीत चालायला लागले, तो दोन पावलं मागे, हात पुढे धरून. मी नीट चालते असं डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी मी त्याला सांगायला सुरुवात केली, "हे बघ, मी आता परत—"

त्याने मोबाईल पुढे केला. तिकीट होतं. एकच, त्याच्या नावाचं.

"मले विचारलं नाही?"

"विचारून काय करू? तू नाहीच म्हटलं असतं, मग मले राग आला असता. आता रागाले वेळ नाही, सोमवारी ऑफिस आहे."

निघताना मालकिणीने त्याला लप्सी नावाच्या तिथल्या फळाच्या आंबट गोळ्या दिल्या, मळमळीवर. म्हाताऱ्यांनी त्याला ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं आणि दरीकडे अजिबात बघायचं नाही, सरळ रस्त्यावर नजर ठेवायची, असा हुकूम दिला. मी काठी टेकत बसजवळ उभी होते. बस सुटली तेव्हा मी हात हलवला. तो समोर रस्त्याकडे बघत होता. गाल फुगलेला होता, गोळी तोंडात होती.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दोन खोल्यांतली मोठी खोली परत माझी झाली होती आणि ती उगाचच मोठी वाटत होती. आठवड्याने मी पोखऱ्याला गेले. मग काठमांडू, मग पूर्वेकडे इलामचे चहाचे मळे, सीमा ओलांडून दार्जिलिंग, पुढे भूतान, आसाम. पाय दुखला की थांबायचे. कुठे कुठे फार सुंदर होतं. कुठे कुठे नुसतंच थंड होतं. आजारी दोन वेळा पडले. घरी ते बरं झाल्यावर सांगितलं.

उन्हाळा लागता लागता कोलकात्याहून रायपूरला आले. स्टेशनवर दोघंही आले होते. वहिनीने माझा पाय तिथेच प्लॅटफॉर्मवर खाली वाकून पाहिला.

परवा आमच्या ओळीतले एक भैया सहकुटुंब नेपाळला जाणार म्हणून चौकशीला आले. मी व्हरांड्यात लाल भाजी निवडत बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि भाऊ आहे का विचारलं. भावाने त्यांना अर्धा तास समजावलं: कुठली सीट घ्यायची, संत्री कधी मिळतात, तिथली माणसं कशी फार चांगली आहेत. बाकी नेपाळ कसं आहे, असं त्यांनी विचारलं.

"बाकी पण तसंच आहे," तो म्हणाला.

ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, हव, तसंच आहे.